वेदीकडे तोंड की लोकांकडे? सिरो-मलबार चर्चमधला वाद आणि भाविकांना वेळेवर न मिळालेली माहिती

केरळमधील एर्नाकुलम-अंगमाली हा सिरो-मलबार कॅथलिक चर्चचा, म्हणजे पोपना मानणाऱ्या पण स्वतःची पूर्वेकडील उपासनापरंपरा असलेल्या चर्चचा, मुख्य महाधर्मप्रांत आहे. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना, अर्पण करताना धर्मगुरूने कोणत्या दिशेला तोंड करून उभे राहावे, या प्रश्नावरून तेथे 2021 पासून जे घडत गेले, ते दूरवरून वाचणाऱ्याला खरे वाटणार नाही. तेथील सेंट मेरीज कॅथेड्रल बॅसिलिका दीर्घकाळ बंद राहिली, पोपनी पाठवलेल्या प्रतिनिधीला पोलिसांच्या संरक्षणात आत न्यावे लागले, एका आर्चबिशपांना पद सोडावे लागले, आणि 2022 च्या नाताळच्या तोंडावर त्याच बॅसिलिकेत एका वेदीभोवती धर्मगुरूंचे दोन गट आपापल्या पद्धतीने एकाच वेळी मिस्सा अर्पण करत राहिले आणि अखेर पोलिसांना मध्ये पडावे लागले.

एवढ्याशा गोष्टीवरून हे सारे झाले का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. पहिली गोष्ट अशी की, ज्यांची ती उपासना आहे त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट एवढीशी नाही. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नियम बदलताना तो का बदलतो आहे, कोणी ठरवला, त्यावर कोणते आक्षेप आले आणि त्यात सूट कितपत मिळू शकते, हे भाविकांना निर्णयापूर्वी मोकळेपणाने सांगितले गेले नाही. वाद पेटण्यात दिशेच्या प्रश्नाइतकाच या मौनाचाही वाटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी मूळ बदल पाहावा लागेल.

नेमका बदल कोणता

वसई, मुंबई किंवा गोव्यातील लॅटिन, म्हणजे पाश्चात्त्य, परंपरेच्या कॅथलिक वाचकाला धर्मगुरू संपूर्ण मिस्सेत लोकांकडे तोंड करून उभे असलेले पाहण्याची सवय आहे. एर्नाकुलममध्येही गेली सुमारे पन्नास वर्षे हीच पद्धत रुळली होती. सिरो-मलबार बिशपांच्या परिषदेने, म्हणजे सिनॉडने, जी 'एकरूप पद्धत' ठरवली तिच्यात मिस्सेचे तीन भाग मानले आहेत. आरंभ आणि शास्त्रवाचनाचा भाग लोकांकडे तोंड करून, मधली मुख्य अर्पणप्रार्थना वेदीकडे तोंड करून, आणि ख्रिस्तप्रसादानंतरचा समारोप पुन्हा लोकांकडे तोंड करून करायचा. बोलीभाषेत लोक याला 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणतात. संपूर्ण मिस्सा लोकाभिमुख हवी म्हणणारे आणि मिस्सा वेदीकडे तोंड करूनच हवी म्हणणारे, अशा दोन टोकांमध्ये काढलेली ही तडजोड होती.

दोन्ही बाजूंमागे श्रद्धेचा विचार आहे. धर्मगुरू आणि लोक दोघांनी मिळून एकाच दिशेला, देवाकडे, परंपरेने पूर्वेकडे, तोंड करून प्रार्थना करावी हा एक विचार. ख्रिस्ताने शिष्यांसह घेतलेल्या अखेरच्या भोजनासारखे सर्वांनी मेजाभोवती जमावे, म्हणजे लोक प्रेक्षक न राहता सहभागी होतील, हा दुसरा. दोन्ही पक्ष 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचाच आधार घेतात, आणि दोघांचाही आधार खरा आहे. परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला, तर 1964 च्या पूर्वेकडील चर्चविषयक दस्तऐवजाने त्या चर्चना आपल्या पूर्वजांच्या परंपरेकडे परतण्यास सांगितले.

ही परंपरा कोठे हरवली, याचे उत्तर शोधताना गोव्याचा संबंध येतो. केरळचे हे ख्रिस्ती स्वतःला प्रेषित थॉमसचे वारसदार मानतात आणि त्यांची उपासना मूळची पूर्व-सिरियाक, म्हणजे पश्चिम आशियातील सिरियाक भाषेच्या परंपरेतली, आहे. 1599 मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली आणि पोर्तुगीज सत्तेच्या पाठबळावर त्या उपासनेवर व शिस्तीवर लॅटिन वळण लादले. त्यातून साचलेला राग 1653 च्या मट्टांचेरी येथील, लॅटिन पाद्रींची सत्ता नाकारणाऱ्या कूनन क्रूस शपथेत बाहेर पडला आणि समाज कायमचा दुभंगला. विसाव्या शतकात रोमने जुनी उपासना परत आणण्याचे काम हाती घेतले. 1962 मध्ये सुधारित विधी प्रचारात आला आणि 1986 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोट्टयम येथे मिस्सेच्या पुनर्स्थापित, सर्वांत गंभीर रूपाचे उद्घाटन केले. मात्र याच दशकांत, कार्डिनल जोसेफ पारेकाट्टिल यांच्या काळात, एर्नाकुलमने भारतीयीकरणाची आणि लोकाभिमुख उपासनेची वाट धरली होती. चंगनाश्शेरीसारख्या धर्मप्रांतांचा ओढा पुनर्स्थापनेकडे राहिला.

म्हणून एर्नाकुलमच्या भाविकाला जेव्हा सांगितले जाते की ही आपली प्राचीन परंपरा आहे, तेव्हा तो म्हणतो की मी, माझ्या आईवडिलांनी आणि माझ्या मुलांनी पाहिलेली परंपरा वेगळी आहे. हे म्हणणे अज्ञानातून येत नाही. त्याला उत्तर द्यायचे तर हा सगळा इतिहास, त्यातील चारशे वर्षांपूर्वीच्या बळजबरीसह, त्याच्यापुढे धीराने मांडावा लागतो.

बावीस वर्षांची शांतता

1992 मध्ये सिरो-मलबार चर्चला मेजर आर्चबिशपांच्या, म्हणजे स्वतःच्या प्रमुख धर्माधिकाऱ्यांच्या, अधिपत्याखालील चर्चचा दर्जा मिळाला आणि 1998 मध्ये उपासनेविषयीचे पूर्ण अधिकार सिनॉडकडे आले. 1999 मध्ये सिनॉडने एकरूप पद्धतीचा निर्णय घेतला. तो काही धर्मप्रांतांत अमलात आला. एर्नाकुलम, त्रिशूर, इरिंजालकुडा यांसारख्या ठिकाणी मात्र विरोधामुळे सूट दिली गेली आणि पूर्ण लोकाभिमुख मिस्सा चालूच राहिली.

माझ्या मते खरी चूक येथेच झाली. निर्णय कागदावर कायम आहे, सूट तात्पुरती आहे, ती कधीतरी संपेल आणि तोपर्यंत आपण या विषयावर बोलत राहू, असे कोणी सातत्याने सांगितले असते तर पुढची पिढी तयार झाली असती. तसे न होता दोन दशके लोकांना रविवारी जे दिसत होते तेच अधिकृत वाटत राहिले. या काळात दीक्षा घेतलेल्या तरुण धर्मगुरूंनाही दुसरी पद्धत परकीच होती. वरिष्ठांना ठाऊक असलेली आणि भाविकांना जाणवूही न दिलेली अशी ही तात्पुरती व्यवस्था होती.

3 जुलै 2021 रोजी पोप फ्रान्सिस यांनी पत्र लिहून एकरूप पद्धत तातडीने अमलात आणण्याचे आवाहन केले. त्यानंतर ऑगस्टमधील सिनॉडने जाहीर केले की नव्या उपासनावर्षाच्या आरंभी, 28 नोव्हेंबर 2021 पासून, अंमल सुरू होईल आणि 2022 च्या ईस्टरपर्यंत तो सर्वत्र पूर्ण होईल. दोन दशके न हाललेली गोष्ट आता तीन महिन्यांत सुरू करायची होती, तीही करोनाच्या साथीत, जेव्हा सभा घेणेच कठीण होते. हा निर्णय एकमताने झाला की बिशपांमध्ये मतभेद होते, यावरूनही पुढे जाहीर वाद झाला.

एर्नाकुलमचा दैनंदिन कारभार तेव्हा आर्चबिशप अँटनी करियिल पाहत होते. ते रोमला जाऊन पोपना भेटले आणि परतल्यावर, 28 नोव्हेंबरच्या तोंडावर, त्यांनी आपल्या महाधर्मप्रांताला सूट जाहीर केली. पूर्वेकडील चर्चच्या धर्मनियमसंहितेतील 1538 व्या नियमानुसार बिशप आपल्या लोकांच्या आध्यात्मिक हितासाठी विशिष्ट प्रकरणात नियमातून सूट देऊ शकतात. मेजर आर्चबिशप कार्डिनल जॉर्ज अलंचेरी यांच्या मते सिनॉडचा निर्णय कायम होता. पुढे रोममधील संबंधित विभागानेही सरसकट सूट देता येणार नाही असे कळवले. एका सामान्य भाविकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शनिवारी त्याला दोन बिशपांकडून दोन परस्परविरोधी आदेश ऐकू येतात, दोघेही रोमचे नाव घेतात, आणि रविवारी त्याला मिस्सेला जायचे असते. त्याने कोणाचे ऐकावे? जुलै 2022 मध्ये करियिल यांना पद सोडावे लागले आणि त्रिशूरचे आर्चबिशप अँड्र्यूज ताळत्त प्रशासक म्हणून आले.

धर्मनियम भाविकाला कोणता अधिकार देतो

कॅथलिक चर्चमध्ये कायदा करण्याचा अधिकार बिशपांचा आहे. सिनॉडमध्ये मत फक्त बिशपांना असते. उपासनेचा नियम लोकांच्या मतदानाने ठरावा अशी मागणी मी करत नाही आणि आंदोलन करणाऱ्यांपैकी समंजस लोकांचीही ती नव्हती. तथापि मत देण्याचा अधिकार नसणे आणि माहिती मिळण्याचा अधिकार नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1991 पासून लागू असलेल्या याच संहितेच्या 15 व्या नियमाप्रमाणे भाविकांना आपल्या गरजा आणि इच्छा पाळकांना कळवण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि आपल्या ज्ञान व योग्यतेनुसार चर्चच्या हिताच्या बाबतीत मत मांडणे हा त्यांचा अधिकार, प्रसंगी कर्तव्यही आहे. निर्णय होईपर्यंत विषयच ठाऊक नसेल तर हा अधिकार कसा बजावणार?

111 व्या नियमात सिनॉडच्या कामकाजाची दुसरी बाजू दिसते. कायदे कसे आणि केव्हा प्रसिद्ध करायचे हे सिनॉड ठरवतो, आणि चर्चेतील कोणत्या गोष्टी गुप्त ठेवायच्या हेही सिनॉडच ठरवतो. गुप्ततेला कारण आहे. बिशपांना दबावाविना बोलता यावे लागते. पण कोण काय बोलले हे झाकून ठेवूनही कोणत्या मुद्द्यांवर मतभेद होते आणि ते कसे मिटवले, हे सांगता येते. तेवढे सांगण्याची मोकळीक संहितेने सिनॉडला दिलेली आहे.

तिसरी तरतूद मला सर्वांत बोलकी वाटते. सिनॉडखेरीज एक व्यापक महासभा असते, जिच्यात धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक, म्हणजे सामान्य भाविक, यांचेही प्रतिनिधी बसतात. ती फक्त सल्ला देते. संहितेच्या 141 व्या नियमाप्रमाणे ती किमान पाच वर्षांतून एकदा भरवायची असते. सिरो-मलबार चर्चची चौथी महासभा 2016 मध्ये कोडकरा येथे झाली आणि पाचवी 2024 मध्ये पाला येथे. मध्ये आठ वर्षे गेली. साथीचे कारण खरे आहे. पण परिणाम असा झाला की या पिढीतील सर्वांत वादग्रस्त निर्णय नेमका त्या पोकळीत घेतला गेला, जेव्हा प्रापंचिकांशी बोलण्यासाठी कायद्यानेच नेमून दिलेली जागा रिकामी होती.

ऑक्टोबर 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या चर्चसाठी परस्परांचे ऐकण्याची सिनॉडल प्रक्रिया सुरू केली, जिच्या 2024 च्या अंतिम दस्तऐवजात पारदर्शकता आणि उत्तरदायित्व यांवर सविस्तर लिहिले आहे. एर्नाकुलमच्या भाविकांना एका महिन्यात 'तुमचे ऐकायचे आहे' हा संदेश मिळाला आणि पुढच्याच महिन्यात न ऐकता ठरलेला नियम. ज्यांना ही विसंगती बोचली त्यांना केवळ बंडखोर म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते.

केरळच्या थॉमस ख्रिस्ती समाजात ही अपेक्षा नवी नाही. तेथे 'पळ्ळियोगम' म्हणजे गावच्या चर्चची सभा ही जुनी संस्था आहे. कुटुंबप्रमुख एकत्र बसून चर्चची मालमत्ता, खर्च आणि सामाजिक शिस्त यांविषयी ठरवत असत. अशा समाजात 2017 च्या सुमारास महाधर्मप्रांताच्या जमीनविक्रीचा वाद उद्भवला. व्यवहारांची माहिती धर्मगुरूंच्या मंडळालाही नीट दिली गेली नाही, असा आक्षेप होता आणि 2018 मध्ये पोपनी तेथे प्रशासक नेमला. उपासनेचा निर्णय आला तेव्हा विश्वास आधीच खचलेला होता. अशा वेळी एरवी पुरले असते त्यापेक्षा अधिक मोकळेपणा हवा होता, आणि मिळाला तो कमी.

पत्र आधी, सभा नंतर

7 डिसेंबर 2023 रोजी पोप फ्रान्सिस यांनी एर्नाकुलमच्या लोकांसाठी व्हिडिओ संदेश दिला आणि त्या नाताळपासून एकरूप मिस्सा सुरू करा असे सांगितले. त्याच दिवशी कार्डिनल अलंचेरी आणि आर्चबिशप ताळत्त पायउतार झाल्याचे जाहीर झाले. आपण विरोधाची कारणे दीर्घकाळ अभ्यासली असून त्यांतील काहींचा उपासनेशी संबंध नाही, असे पोप त्यात म्हणाले. थेट लोकांशी बोलण्याचे हे पाऊल मला मोलाचे वाटते, कारण इतका वेळ पत्रे एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडेच जात होती. मात्र ते कारणे सांगण्यासाठी नव्हते, अखेरची मुदत देण्यासाठी होते, आणि तोवर दोन वर्षे लोटली होती.

जानेवारी 2024 मध्ये राफेल तट्टिल मेजर आर्चबिशप म्हणून निवडले गेले. त्या वर्षीच्या जून महिन्यातला प्रसंग माहिती हाताळण्याच्या पद्धतीमुळे काय बिघडते हे दाखवतो. 3 जुलैपासून जे धर्मगुरू एकरूप पद्धत पाळणार नाहीत ते चर्चबाहेर गेले असे मानले जाईल, अशा आशयाचे पत्र 9 जून या तारखेने तयार झाले होते. या विषयावर सिनॉडची ऑनलाइन बैठक 14 जूनला व्हायची होती. पत्र बैठकीपूर्वीच फुटले. म्हणजे चर्चा होण्याआधी निष्कर्ष लिहून तयार आहे, हे भाविकांनी स्वतःच्या मोबाइलवर वाचले. काही बिशपांनीही लेखी नापसंती कळवली. पत्रातील मजकूर धर्मनियमानुसार योग्य होता की नाही, हा वाद त्यानंतर गौण झाला. ज्यांचे मन वळण्याजोगे होते अशा लोकांनाही बैठक केवळ औपचारिकता वाटू लागली.

आता दुसऱ्या बाजूचेही सांगायला हवे. स्थानिक चर्चमधील धर्मगुरू हाच बहुतेक भाविकांचा माहितीचा मुख्य स्रोत असतो. अनेक चर्चमध्ये वरिष्ठांची पत्रे वाचलीच गेली नाहीत, काही ठिकाणी ती कचऱ्यात टाकली गेली किंवा जाळली गेली. नियमाला विरोध करण्याचा मार्ग धर्मगुरूला मोकळा आहे, पण बिशपांचे पत्र लोकांपासून रोखणे हीसुद्धा माहिती दडवणेच आहे. आधी पत्र वाचून दाखवा, मग आपली असहमती कारणांसह सांगा, आणि लोकांना दोन्ही ऐकू द्या, अशी वाट काही थोड्या जणांनी धरली असती तरी भाविकांचा आदर राखला गेला असता. ज्या लोकांच्या नावाने आंदोलन चालले, त्यांनाही अर्धीच बाजू मिळाली.

कल्याणपर्यंत पोहोचणारा नियम

हा वाद केरळपुरता नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक भागांत स्थायिक झालेल्या सिरो-मलबार कुटुंबांसाठी 1988 मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला आणि 2025 मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. धर्मनियमांच्या 150 व्या नियमात एक महत्त्वाचा भेद आहे. सिनॉडने केलेले शिस्तीचे कायदे सामान्यतः त्या चर्चच्या मूळ प्रदेशापुरते लागू असतात, पण उपासनेचे कायदे जगात सर्वत्र लागू होतात. म्हणून कक्कनाड येथील मुख्यालयात मिस्सेविषयी जे ठरते ते डोंबिवलीतही पाळावे लागते आणि शिकागोतही.

स्थलांतरित समाजात एर्नाकुलमचे कुटुंब आणि चंगनाश्शेरीचे कुटुंब एकाच बाकावर बसते. दोघांच्या आठवणीतली मिस्सा वेगळी असते. शिवाय येथे वाढलेल्या मुलांच्या शेजारी लॅटिन परंपरेची मित्रमंडळी असतात, जी विचारतात की तुमचे फादर पाठ करून का उभे राहतात. या प्रश्नाला 'रोमचा आदेश आहे' हे उत्तर पुरत नाही. वर सांगितलेला इतिहास धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि प्रवचनात आला तरच ती मुले स्वतः उत्तर देऊ शकतील.

मोकळेपणाने एकी होते का

होतेच असे नाही, आणि ते मान्य करायला हवे. चर्च ऑफ इंग्लंडची जनरल सिनॉड वेगळ्या पद्धतीने चालते. तिच्यात बिशप, धर्मगुरू आणि प्रापंचिक अशी तीन सभागृहे आहेत, चर्चा जाहीरपणे होते आणि मतांची संख्या प्रसिद्ध होते. समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांचा प्रश्न तेथे असाच दुभंगणारा ठरला. नोव्हेंबर 2023 मध्ये बिशपांची मते 23 विरुद्ध 10, धर्मगुरूंची 100 विरुद्ध 93 आणि प्रापंचिकांची 104 विरुद्ध 100 अशी पडली. वाद मिटला नाही, आजही मिटलेला नाही. तेथेही बिशपांना मिळालेला कायदेशीर सल्ला पूर्णपणे जाहीर न केल्याबद्दल दोन्ही बाजूंनी तक्रार झाली. पण आपले चर्च किती दुभंगले आहे हे तेथील प्रत्येक भाविकाला आकड्यांत ठाऊक होते, आणि निर्णय एकमताने झाला की नाही यावर वाद घालण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. कॅथलिक रचनेत तीन सभागृहे येणार नाहीत. पण मतभेद आहेत हे मान्य करण्यासाठी सभागृहांची गरज नसते.

एर्नाकुलममध्ये अखेर तडजोडीचाच मार्ग निघाला. जुलै 2024 मध्ये आणि पुन्हा 2025 च्या मध्यास असे ठरले की प्रत्येक चर्चमध्ये रविवारी आणि मुख्य सणांना निदान एक मिस्सा एकरूप पद्धतीने व्हावी, बाकीच्या जुन्या पद्धतीने चालू राहू शकतात. जानेवारी 2025 मध्ये धर्मगुरू आणि पोलिस यांच्यात झालेल्या झटापटीनंतर आर्चबिशप जोसेफ पांप्लानी यांची मेजर आर्चबिशपांचे प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली आणि धर्मगुरूंशी समोरासमोर बोलणी सुरू झाली, हे या तडजोडीमागचे मोठे कारण आहे. तीन वर्षे आदेशांनी जे साधले नाही ते काही महिन्यांच्या संवादाने बऱ्याच अंशी साधले.

मात्र 1999 ची सूटही अशीच शांततेसाठी होती. आताची तडजोड कायमची आहे की मुदतीची, ती कोणत्या निकषावर आणि कोणी तपासायची, हे लेखी स्वरूपात आणि मलयाळम, इंग्रजी, हिंदी अशा भाविकांच्या भाषांत प्रत्येक चर्चच्या सूचनाफलकावर लागले पाहिजे. पाला येथील महासभेचे मुख्य विषय धर्मशिक्षण, सुवार्ताकार्यातील प्रापंचिकांचा सहभाग आणि समाजाचे सबलीकरण हे होते. पाच वर्षांचा नियम पाळला तर पुढील महासभा 2029 पर्यंत भरायला हवी. उपासनेचा विषय तिच्या कार्यपत्रिकेत उघडपणे घेता येईल, आणि त्यासाठीची टिपणे त्याआधी वर्षभर प्रत्येक पळ्ळियोगमला पाठवता येतील. त्यासाठी संहितेत एकही नवा नियम घालावा लागणार नाही.